तारेचं वजन

धाकटीला तिच्या भावोजींबद्दल जे वाटायचं त्याला मत्सर म्हणणारी माणसं घरात होतीच. तिची आई तर उघडच म्हणायची. पण मत्सर वाटायला समोरच्याकडे काहीतरी घेण्यासारखं असावं लागतं, आणि भावोजींकडे उंची, आवाज आणि कडक इस्त्री यांच्यापलीकडे धाकटीला बावीस वर्षांत काही सापडलं नव्हतं.

भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. मोठ्या संशोधन संस्थेचे संचालक. त्याच संस्थेच्या तळमजल्यावर, मोजमापाच्या खोलीत, धाकटी तंत्रज्ञ होती. ती तिथे लागली तेव्हा भावोजी दुसऱ्याच संस्थेत होते. त्यामुळे वशिल्याचा प्रश्न नव्हता, तरी लोक वशिला म्हणायचेच. धाकटीने त्यांची तोंडं धरायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

भावोजींची बोलण्याची एक पद्धत होती. साधं वाक्यही ते असं उच्चारायचे की नुकतंच दगडावर कोरून आणलंय असं ऐकणाऱ्याला वाटावं. "पाणी हेच उद्याचं इंधन," असं म्हणून ते थांबायचे, आणि पाहुणे मान डोलवायचे. धाकटी खालच्या खोलीत भांडी विसळत असायची. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे भावोजींकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असणार, अशी तिची खात्री होती.

काम तसं समजायला अवघड नव्हतं. पाण्यात वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन निघतो, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन. अडचण एवढीच की पाणी सुखासुखी फुटत नाही, त्याला विजेचा जोर लावावा लागतो. हायड्रोजनच्या टोकाला प्लॅटिनम असलं की हा जोर फारच कमी लागतो. प्लॅटिनम स्वतः खर्ची पडत नाही, नुसतं काम जुळवून देतं, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं. अशा मध्यस्थाला उत्प्रेरक म्हणतात. पण प्लॅटिनम महाग. म्हणून जगभरातली माणसं दोन वाटांनी डोकी फोडत होती. एक वाट अशी की प्लॅटिनमचे इतके बारीक कण करायचे, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान, की चिमूटभर मालात परातभर मालाचं काम व्हावं. दुसरी वाट अशी की प्लॅटिनमशिवायच भागवायचं. भावोजींनी दुसरी वाट धरली, कारण पहिल्या वाटेवर आधीच गर्दी होती आणि गर्दीत त्यांची उंची दिसली नसती.

निकेल आणि कोळसा भाजून त्यांनी एक काळी पूड तयार करून घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'शून्य'. शून्य प्लॅटिनम, म्हणून शून्य. नावाचं बारसं वर्तमानपत्रात झालं. भावोजींचा फोटो आला, हातात काळ्या पुडीची बाटली, नजर छताच्या कोपऱ्यात कुठेतरी. आईने तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

"बघ," ती धाकटीला म्हणाली. "जावई म्हणतात तो असा."

"आई, कॅमेरा समोर होता. ते वर काय बघतायत?"

"जळफळाट बंद कर."

पूड मोजायला धाकटीकडे आली. नखाएवढ्या कार्बनच्या चकतीवर ती पूड लिंपायची, चकती सौम्य आम्लात बुडवायची, आणि भांड्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथे ऑक्सिजन निघतो तिथे, प्लॅटिनमची गुंडाळलेली तार सोडायची. अशा चाचणीत समोर प्लॅटिनमची तार लावायची जुनी रीत होती. कुणी त्याचा विचार करत नसे, जसा खुर्चीवर बसताना खुर्चीचा करत नाही.

ताजी पूड अगदी मरतुकडी निघाली. चारशे मिलिव्होल्टचा जोर लावला तेव्हा कुठे चार बुडबुडे आले. पण वरून कागद आला होता: 'तीन हजार फेऱ्या देऊन पूड सिद्ध करावी.' म्हणजे विजेचा जोर चढवायचा, उतरवायचा, असं तीन हजार वेळा. यंत्र आठवडाभर चाललं, आणि पूड सुधारली. चारशेचे तीनशे झाले, तीनशेचे दीडशे, शेवटी पन्नास. अस्सल प्लॅटिनमच्या तोंडात मारील अशी.

वरच्या मजल्यावर पेढेवाटप झालं नाही एवढंच. धाकटी मात्र चकतीकडे बघत बसली. चप्पल वापरल्याने झिजते, झाडू झिजतो, माणूसही झिजतो. या संस्थेत तिने सतरा वर्षांत एकही वस्तू वापरून सुधारलेली पाहिली नव्हती, संचालक धरून. मग ही पूडच एवढी गुणाची कुठून आली?

तिने तार बाहेर काढली, धुतली, वाळवली आणि अतिसूक्ष्म तराजूवर ठेवली. सहा महिन्यांपूर्वी नवी आली तेव्हा तिने वजन लिहून ठेवलं होतं, तिला तशी सवयच होती. तार दीड मिलिग्रॅमने हलकी झाली होती.

दीड मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण नखाएवढ्या चकतीवर दीड मिलिग्रॅममधला विसावा हिस्सा बसला तरी तेवढं प्लॅटिनम भरपूर होतं. तार आम्लात विरघळत होती आणि विरघळलेलं प्लॅटिनम गुपचूप समोर जाऊन काळ्या पुडीवर कणाकणाने बसत होतं. शून्य नावाची पूड मुळात काही करतच नव्हती. आयत्या बिळावर नागोबा, तसं पाहुणं प्लॅटिनम काम करत होतं आणि नाव पुडीचं होत होतं.

खात्री करायला तिने ताजी पूड घेतली आणि समोर तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी लावली. पुन्हा तीन हजार फेऱ्या. पूड चारशेवर होती, चारशेवरच राहिली.

कागद घेऊन ती वर गेली. भावोजी कसल्याशा माहितीपत्रकासाठी स्वतःच्या तीन फोटोंतून एक निवडत होते.

"भावोजी, तार विरघळतेय."

"ऑफिसात सर म्हणायचं."

"सर, तार विरघळतेय. दीड मिलिग्रॅम कमी भरली."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "हात पुसून धरली होतीस का? घाम लागला असेल."

"घामाने वजन वाढतं, सर. कमी होत नाही."

मग त्यांनी फोटो बाजूला सारले. तिने ग्रॅफाइटची सगळी हकिगत सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते, गाणं ऐकावं तसं. संपल्यावर म्हणाले, "तू मोजतेस. आणि उत्तम मोजतेस. अर्थ लावायला इथे वेगळी माणसं नेमलेली आहेत."

"ग्रॅफाइट लावून एकदा तुमच्यासमोर करून दाखवते."

"महिन्याने कंपनीची माणसं येतायत. त्यानंतर वाटेल ते कर. आणि हे बघ, असल्या गोष्टी घरी बोलायच्या नसतात."

जिना उतरताना धाकटीच्या मनात एकच शब्द घोळत होता: मूर्ख. समोर वाढून ठेवलेलं दिसत नाही, आणि म्हणे संचालक. खरं सांगायचं तर तिला त्यात जरा बरंही वाटलं. बावीस वर्षं ज्याची आपण मनात टर उडवली तो माणूस खरोखरच ढ निघाला, याचं समाधान काही कमी नसतं.

त्याच आठवड्यात थोरलीचा फोन आला. थोरली लहानपणापासून कमी बोलणारी. लग्नानंतर आणखी कमी बोलायला लागली होती.

"त्यांना काही म्हणालीस का तू?"

"कामाचं म्हणाले."

"महिनाभर गप्प बस. कंपनीचं जमलं की ते निवळतील. घरात मला राहायचंय, तुला नाही."

"ताई, अगं ते चुकतायत."

"चुकू देत. चुकायला त्यांना तुझी परवानगी लागत नाही," असं म्हणून थोरलीने फोन ठेवला.

धाकटी महिनाभर गप्प बसली. मूर्खाला अक्कल शिकवायचा मक्ता आपण घेतलेला नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

कंपनीची माणसं सकाळीच आली. सूट घातलेले तिघे, आणि त्यांच्या मागे सर्दीने बेजार झालेला एक म्हातारा अभियंता, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात जुनी चामड्याची पिशवी. मोजमापाच्या खोलीतली टेबलं आदल्या दिवशी दोनदा पुसली होती. जुनी भांडी नजरेआड केली होती. भावोजींनी पाण्याबद्दलचं, इंधनाबद्दलचं आणि मानवजातीबद्दलचं आपलं सगळं बोलून घेतलं. मग धाकटीला खूण केली. तिने सिद्ध झालेली चकती आम्लात सोडली, कळ दाबली. चकतीवर बुडबुड्यांची दाट साय आली. पडद्यावर आकडा पन्नास.

सूटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. अभियंत्याने नाक शिंकरलं आणि विचारलं, "समोर काय लावलंय?"

"काहीही चालतं," भावोजी म्हणाले.

"काहीही चालत असेल तर ही लावू." अभियंत्याने पिशवीतून कापडात गुंडाळलेली ग्रॅफाइटची कांडी काढली. "राग मानू नका. मी माझी घेऊन हिंडतो. सवय आहे."

ग्रॅफाइटसमोर चारशेवरच राहिलेली ताजी पूड धाकटीला आठवली. आता पितळ उघडं पडणार. तिने भावोजींकडे बघितलं. ते हसत होते.

"अवश्य लावा," ते म्हणाले.

तिने तार काढली, कांडी लावली, कळ दाबली. तीच साय. आकडा एक्कावन्न. पुन्हा टाळ्या. अभियंत्याने मान डोलवली आणि कांडी पुसायला घेतली.

धाकटी मात्र भावोजींच्या तोंडाकडे बघत राहिली. नापास होण्याची धास्ती असलेला माणूस पास झाला की श्वास सोडतो. भावोजींनी श्वास सोडला नाही, कारण त्यांनी तो धरलाच नव्हता. चकती आधीच तारेसमोर तीन हजार फेऱ्या खाऊन बसली होती. जायचं तेवढं प्लॅटिनम तिच्यावर केव्हाच जाऊन बसलं होतं. आता समोर ग्रॅफाइट लावा, नाहीतर जुना खिळा लावा, आकडा हलणार नव्हता. हे भावोजींना ठाऊक होतं, पहिल्यापासून. तो 'सिद्ध करावी'चा कागद वेंधळेपणाने आलेला नव्हता.

म्हणजे माणूस ढ नव्हता. ढ समजून इतके दिवस ती त्याला सवलत देत आली होती. मूर्खाची कीव तरी करता येते. याचं काय करायचं?

सूटवाले दाराकडे वळले होते. धाकटी म्हणाली, "बाटलीतली ताजी पूड लावून दाखवू का?"

भावोजींचा आवाज तसाच सुरेल होता. "ताज्या पुडीला आधी सिद्ध करावं लागतं. तीन हजार फेऱ्या. पाहुण्यांना तेवढा वेळ नाही."

अभियंता थांबला. "फेऱ्या कशासमोर देता?"

भावोजींनी घड्याळाकडे बघितलं. अभियंत्याने धाकटीकडे बघितलं. "कशासमोर देता, मॅडम?"

"तारेसमोर."

"कसली तार?"

"प्लॅटिनमची. दीड मिलिग्रॅम झिजलीय. वजनं लिहून ठेवलेली आहेत."

अभियंत्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, तरी हसणं थांबेना. "म्हणजे," तो रुमालातून म्हणाला, "तुम्ही प्लॅटिनम न वापरता प्लॅटिनम वापरता!"

सूटवाल्यांना काही कळेना. तेव्हा भावोजींनी जे केलं ते धाकटी जन्मात विसरली नाही. ते पुढे आले, एका सूटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माफ करा. ही माझी मेहुणी आहे. थोडं घरगुती प्रकरण आहे. फार दिवसांचं."

सूटवाल्यांनी लगेच समजूतदार चेहरे केले. एकाने तर धाकटीकडे सहानुभूतीने बघितलं. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सतरा वर्षांची मोजमापं एका वाक्यात स्वयंपाकघरात नेऊन टाकली या माणसाने.

"ग्रॅफाइट घरगुती नसतं हो," अभियंता म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. "लावा मॅडम ताजी पूड. मला वेळ आहे."

अर्ध्या तासाने पडद्यावर आकडा आला चारशे दहा. चकतीवर एकुलता एक बुडबुडा कडेला चिकटून बसला होता. त्यालाही सुटून वर जायचा धीर होत नव्हता.

कंपनी गेली ती गेली. संस्थेने चौकशी समिती नेमली. समितीत भावोजींचे दोन जुने मित्र आणि एक नवा मित्र होता. 'निष्काळजीपणा आढळला, हेतू आढळला नाही,' असा निकाल लागला. भावोजी संचालकच राहिले. धाकटीची बदली काचसामानाच्या कोठारात झाली. तिथे भांडी मोजायची, फुटकी वेगळी काढायची. आईने फोटो कपाटावरून काढला नाही, उलट त्याच्या कडा नव्याने चिकटवल्या. थोरलीने बोलणं बंद केलं.

सात महिने गेले, आणि आठव्या महिन्यात भावोजी स्वतः कोठारात आले. त्यांच्या हातात नव्या शोधनिबंधाचा मसुदा होता. पूड तीच, फेऱ्या त्याच, आकडेही तेच. फक्त 'शून्य' हा शब्द गायब होता. आता मथळ्यात होतं, 'कोळशाच्या आधारावर आपोआप बसणारे प्लॅटिनमचे नॅनोकण: अत्यल्प धातूत पूर्ण क्षमता.' जी वाट गर्दीची म्हणून सोडली होती, तिच्यावर ते आता मागच्या दाराने शिरले होते.

धाकटीने मथळा दोनदा वाचला. "चोर पकडला गेला म्हणून त्याने चोरीचाच क्लास काढला," ती म्हणाली.

भावोजींना राग आला नाही. तेवढी त्यांच्यात खुबी होती, लाज नसलेल्या माणसाला राग सहसा येत नाही. "कंपनी पुन्हा बोलायला तयार आहे. पण त्या म्हाताऱ्याने अट घातलीय. मोजमाप तू करायचं, सही तुझी."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर इथे काचा मोज," ते अगदी सहज म्हणाले.

ती हो म्हणाली, कारण तिला ते खोटं पाडायचं होतं. तिने नवी पूड घेतली, तोलून मापून प्लॅटिनम बसवलं, सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या कोळशावर पसरलेले ते ठिपके तास तास मोजले. समोर ग्रॅफाइट. आकडा आला अठ्ठेचाळीस, आणि प्लॅटिनम नेहमीच्या तिसाव्या हिश्श्याइतकंही लागलं नव्हतं. तिला खरं वाटेना. तिने भांडं बदललं, आम्ल बदललं, पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मोजताना तिच्या लक्षात आलं की आता ती चूक शोधत नाहीये, चूक निघावी म्हणून नवस करतेय. म्हणजे आकड्याकडून आपल्याला हवं ते वदवून घ्यायला निघालेली माणसं आता या संस्थेत दोन झाली होती. तिला स्वतःची किळस आली. तिने यंत्र बंद केलं, अहवालात अठ्ठेचाळीस लिहिलं आणि सही केली. वर एक ओळ मात्र घातली: 'हा गुण तार झिजल्यामुळे चुकून दिसून आला.' भावोजींनी अहवालातली ती ओळ बदलून 'निरीक्षणातून स्फुरला' अशी केली. धाकटीने ती खोडून परत पहिली लिहिली आणि अहवाल परस्पर अभियंत्याला पाठवून दिला.

त्या रविवारी थोरली घरी आली, न कळवता. आई बाहेर गेली होती. थोरली ओट्याशी उभी राहून पाणी प्यायली आणि भांडं हातातच धरून म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"सगळंच. मी त्या माणसाबरोबर बावीस वर्षं राहते. तो खोटं बोलताना हसतो आणि खरं बोलताना घसा खाकरतो. तुझ्या वह्या-तराजू लागत नाहीत त्याला."

"मग इतके महिने माझ्याशी अबोला कशाला धरलास?"

"तू चारचौघांत बोललीस म्हणून." थोरलीने भांडं खाली ठेवलं. "त्याचं हसं झालं याचं मला काही नाही. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारीण विचारते, साहेब बरे आहेत ना? मी ज्याला घरात कधीच मोजत नाही, त्याच्यासाठी मला बाहेर मान खाली घालावी लागली."

इतकी वर्षं धाकटीला वाटत होतं की बहीण त्या इस्त्रीला भुललीय. घरात आपल्याशिवाय कुणाला दिसत नाही, हा तिचा मोठा अभिमान होता.

"मी तुला विचारायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली. "बोलले असते तरी, पण आधी तुला सांगायला हवं होतं."

"हो. सांगायला हवं होतं."

थोरली खुर्चीवर बसली. तिने विचारलं, "ते नवीन आहे ना, कणांचं. तेही खोटंच असेल?"

"नाही गं. खरं आहे. चारदा मोजलं."

"म्हणजे चांगलं आहे?"

"फार चांगलं आहे. कंपनी घेईल."

थोरलीचा चेहरा हळूहळू पडला. तिने कपाळावर हात मारला. "म्हणजे आता हा माणूस घरात पाणी पितानासुद्धा भाषण करणार!"

धाकटीला हसू फुटलं. थोरलीने रागाने तिच्याकडे बघितलं, आणि मग तीही हसायला लागली, अगदी लहानपणी हसायची तशी, तोंडावर पदर न घेता, मोठ्याने. आई परत आली तेव्हा दोघी टेबलाशी बसून डोळे पुसत होत्या.

"काय झालं?" आईने घाबरून विचारलं.

"काही नाही," थोरली म्हणाली. "तुझ्या जावयाचं खरं ठरलं."